बिस्कीट म्हणजे कोणतं

पासलीत धनाजीला सगळे बोटवाला म्हणत. एकोणीस वर्षं तो परदेशी प्रवासी बोटीच्या भट्टीखान्यात कामाला होता. दहा महिने समुद्रात आणि दोन महिने घरी, असं त्याचं चालायचं. पोरवयात मुंबईला एका बेकरीत लागला, तिथून हॉटेलात गेला आणि हॉटेलातल्याच एका साहेबाच्या शिफारशीनं बोटीवर चढला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा एसटीच्या थांब्यावर जमलेल्या चार माणसांना त्यानं सांगितलं होतं, की त्या एका बोटीत तीन हजार माणसं राहतात आणि त्यांना रोज सकाळी ताजं भाजलेलं लागतं. लोकांनी ऐकून घेतलं. मग चिमाजीनं विचारलं, "आन् बोट लागत न्हाई का रं तुला?" पहिले आठ दिवस लागली, असं धनाजी म्हणाला. लोकांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच.

सांगण्यासारखं होतं ते निराळंच होतं, आणि ते सांगायला त्याला कधी कुणी भेटलं नाही.

उन्हाळ्याचे सहा महिने त्यांची बोट इंग्लंडातून सुटायची. तेव्हा बोटीवर बहुतेक सगळे इंग्रज. थंडी सुरू झाली की ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला जायची आणि मग प्रवासी सगळे अमेरिकन. ओलांडायला सात दिवस लागत. त्या सात दिवसांत भट्टीखान्याच्या भिंतीवरचा पदार्थांचा कागद बदलायचा. मैदा तोच, लोणी तेच, भट्टीही तीच. नावं मात्र बदलायची, आणि नावाबरोबर माणसांची अपेक्षा बदलायची.

पहिल्या वर्षी धनाजीला ह्याचा पत्ता नव्हता. अमेरिकेच्या बाजूला पोचल्यावर एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थानं सकाळच्या नाश्त्याला बिस्किटं आणि रस्सा मागवला. धनाजीनं इंग्रजांना चहाबरोबर द्यायची ती पातळ, खुसखुशीत, साखर घातलेली बिस्किटं बशीत मांडली आणि शेजारी मांसाचा दाट पांढरा रस्सा ठेवून दिला. बशी तशीच परत आली. मुख्य शेफ स्कॉटलंडचा होता, लालबुंद चेहऱ्याचा. तो ओरडला नाही. त्यानं धनाजीला ओट्यापाशी बोलावलं आणि दोन जिन्नस शेजारी शेजारी ठेवले.

"हे बघ," तो म्हणाला, "आमच्याकडं बिस्कीट म्हणजे हे. कडक, चहात बुडवायचं. अमेरिकन माणूस ह्याला कुकी म्हणतो, आणि त्याला ती कडक नको असते, मधे मऊ हवी असते. त्याचं बिस्कीट म्हणजे हे दुसरं. ताकात मळलेलं, पदर सुटणारं, साखर नाही, मीठ आहे. दिसतं आमच्या स्कोनसारखं, म्हणजे चहाबरोबरच्या गोडसर गोल पावासारखं. पण इंग्रजाला हे स्कोन म्हणून दिलंस तर तो कंपनीला पत्र लिहील."

त्या दिवसापासून धनाजीनं ही गोष्ट मनावर घेतली. इंग्रज फ्लॅपजॅक म्हणतो तेव्हा त्याला पाकात घोळून भाजलेल्या ओटच्या वड्या हव्या असतात, अमेरिकन तोच शब्द काढतो तेव्हा त्याला तव्यावरची जाड गोड धिरडी हवी असतात. मफिन मागणारा इंग्रज असला तर तो चपटा पाव मागत असेल, अमेरिकन असला तर नक्कीच केक. स्कोनवर आधी साय की आधी मुरंबा, ह्यावरून इंग्लंडातल्याच दोन जिल्ह्यांची माणसं एकमेकांकडं कशी बघतात, तेही त्याला कळू लागलं. पुढं पुढं त्याला कागद बघावा लागेना. जेवणघराच्या दारातून माणसांच्या आवाजाचा गलका ऐकला, की आज हात कोणत्या वळणानं चालवायचा ते तो ठरवायचा. दोन मुलखांच्या जिभा त्याला आपल्या घराच्या उंबऱ्यासारख्या पायाखालच्या झाल्या होत्या.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. कंपनीच्या डॉक्टरनं तब्येतीच्या कागदावर सही केली नाही आणि धनाजी पंचावन्नाव्या वर्षी कायमचा पासलीला आला.

घर त्याचंच होतं. त्यानंच पाठवलेल्या पैशातून पुढच्या दोन खोल्या आणि स्लॅब झाला होता. पण त्या घराचा दिवस त्याच्याशिवाय ठरलेला होता. त्याची बायको नूतन उजाडायच्या आत उठायची, म्हशीचं बघायची, दोन भाकरी थापून फडक्यात बांधायची आणि रानात जायची. भाताची दोन खाचरं आणि डोंगराच्या अंगाला नाचणीचा एक तुकडा, हे ती एकटी बघत होती. दुपारी बचत गटाच्या बायका यायच्या. संध्याकाळी शेजारच्या ठकुबाईच्या ओट्यावर अर्धा तास बसायची, ते कधी चुकायचं नाही. एकुलती लेक अश्विनी किकवीला दिलेली, तिचा फोन साडेसातला यायचा आणि मायलेकींचं बोलणं संपलं, की नूतन फोन पुढं करायची, "घ्या, अश्वी हाय." अश्विनी म्हणायची, "अण्णा, बरं हाय का?" तो म्हणायचा, "बरं हाय." मग तो फोन परत नूतनकडं द्यायचा.

सुट्टीचे ते दोन महिने होते तेव्हा असं नव्हतं. तेव्हा तो पाहुणा असायचा. पुरणपोळी व्हायची, कोंबडं कापलं जायचं, माणसं यायची, बॅग उघडली जायची. आता रोजच्या दिवसात तो कुठं बसवावा हे घरालाच कळत नव्हतं. एकदा तो भांडी विसळायला गेला तर नूतननं हातातलं पातेलं काढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या. तुमास्नी जमायचं न्हाई," ती म्हणाली. रागानं नाही, सरळच. रानात गेला तर बांधावर उभा राहून तिच्याकडं बघण्यापलीकडं त्याला काम नव्हतं. तिनं कधी वाकडं तोंड केलं नाही, पण ती त्याच्याशी जे बोलायची ते दारात आलेल्या माणसाशी बोलावं तसं. चहा घेता का. जेवायला वाढू का. झोपता का.

मग त्यानं परसात विटा आणि माती आणून भट्टी बांधली. घुमटाची, पुढून तोंड, मागून धुराडं. बांधायला बारा दिवस लागले, आणि ते बारा दिवस त्याला फार बरे गेले. वेल्ह्याच्या बाजारातून मैदा, साखर, लोणी आणलं. पहिल्या दिवशी इंग्लंडातल्या पद्धतीची लोण्याची बिस्किटं केली, बोटाएवढी लांब, वर काट्यानं टोचे दिलेली. गरम गरम ताटलीत घालून नूतनपुढं ठेवली.

तिनं एक उचललं. तोंडात टाकलं. "बरं हाय," म्हणाली.

"गोडाला कसं हाय?"

"बरं हाय की."

दुसऱ्या दिवशी त्यानं अमेरिकन कुकी केल्या, मधे मऊ ठेवलेल्या, चॉकलेटचे तुकडे घालून. तिनं त्याही बऱ्या आहेत म्हणून सांगितलं. मग स्कोन. मग ओटच्या वड्या. ओट मिळेनात म्हणून पोहे घालून. नूतन ताटली घ्यायची, झाकून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी ताटली धुतलेली असायची. त्याला वाटायचं, खाते आहे. तोंडानं सांगत नसली तरी खाते आहे. तो रोज भट्टी पेटवायला लागला.

गावात त्यानं थोडं वाटूनही बघितलं. चिमाजी म्हणाला, हे टोस्टासारखं कडक का न्हाई. थांब्यावरच्या दुकानात कुमारनं बरणीत ठेवून दिली, पण पोरं रंगीत कागदातलीच बिस्किटं मागायची. आठ दिवसांनी कुमारनं बरणी परत दिली. त्यानंतर धनाजी फक्त घरासाठी करू लागला.

पौषात भोरचे केशव सबनीस त्याच्या दारात आले. भोरच्या कॉलेजात शिकवायचे, आता निवृत्त. त्यांनी पासलीच्या पुढं केळदच्या रस्त्याला जागा घेऊन चार खोल्या बांधल्या होत्या. गड चढायला येणारी माणसं तिथं उतरायची.

"धनाजीराव, तुमच्याकडं एक काम घेऊन आलोय," ते म्हणाले. "रविवारी माझ्याकडं सात जण येतायत. राजगडावरून तोरण्याला चालत जाऊन मग इकडं. त्यात चार इंग्लंडचे आहेत आणि तीन अमेरिकेचे. कांदेपोहे, भाकरी, पिठलं सगळं आहे. पण पंधरा दिवस चालतायत बिचारे. म्हटलं, तुमचा हात आहे, सकाळी त्यांच्या तोंडाला जरा ओळखीचं काही मिळेल."

धनाजीनं हो म्हणायला वेळ घेतला नाही. मग विचारलं, "अमेरिकेचे कुठले?"

"ते नाही विचारलं. का हो?"

"उत्तरेचे का दक्षिणेचे, त्यावर ऱ्हातं. बिस्कीट आन् रस्सा दक्षिणेकडचा."

केशवराव हसले आणि विचारून कळवतो म्हणाले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. तिघांतला एक दक्षिणेचा होता. धनाजीनं तीन दिवस आधी म्हशीच्या दुधाचं लोणी काढून घेतलं, ताक घुसळायला लावलं, मैदा दोनदा चाळला. नूतन बघत होती. "लई मोठी मानसं हायेत का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, मोठी न्हाईत, पण त्यांना कळतं.

रविवारी पहाटे चारलाच तो दुधाच्या टेम्पोतून गेला. केशवरावांकडं चांगली मोठी विजेची भट्टी होती. सात वाजता माणसं उठून व्हरांड्यात आली तेव्हा लांब बाकावर एका बाजूला स्कोन होते, मुरंबा आणि घट्ट साय. दुसऱ्या बाजूला अमेरिकन बिस्किटं, आणि पांढरा रस्सा, मांसाऐवजी अळंब्यांचा. मधे दोन ताटल्या. एकीत कडक बिस्किटं, एकीत मऊ कुकी.

पांढऱ्या वेणीची एक इंग्रज बाई, शाळेतून निवृत्त झालेली असावी अशी, बाकाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि अमेरिकन बिस्कीट उचलून म्हणाली, "हे स्कोनच आहेत. कुणीतरी साखर विसरलंय."

तिच्यामागचा उंच अमेरिकन माणूस म्हणाला, "तुमच्याकडं स्कोन करणारा ताक विसरला, त्याचं आम्ही काय करायचं?" तोच तो दक्षिणेचा. त्यानं बिस्कीट हातानं उघडलं. पदर सुटले. त्यानं वाकून वास घेतला, रश्शात बुडवून खाल्लं, आणि धनाजीकडं वळून म्हणाला, "मीठ चिमूटभर जास्त चाललं असतं. बाकी ठीक आहे." आणि आणखी तीन घेतली.

धनाजीला ते चिमूटभर मिठाचं बोलणं इतकं गोड लागलं, की त्याचे डोळे भरून आले. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या हातच्या जिनसाला 'बरं आहे' सोडून काही जाणून म्हटलं होतं.

मग वाद रंगला. चहाचा कप पुढं ओढत इंग्रजांनी सांगितलं, की जे चहात बुडवता येत नाही त्याला बिस्कीट म्हणण्यात अर्थ नाही. अमेरिकन म्हणाले, चहात बुडवल्यावर ज्याचा गाळ होतो ते खायचं कशाला. कुकीला बिस्कीट म्हणायचं तर मग बिस्किटाला काय म्हणायचं, असं त्यांच्यातली एक पोरगी विचारत होती. कुणीतरी म्हणालं, ह्यांनाच विचारा, ह्यांनी दोघांना वाढलंय. सगळे धनाजीकडं बघू लागले.

त्याचं इंग्रजी बोटीवरचं होतं, तुटक पण न अडखळणारं. तो म्हणाला, "आमची बोट सात दिवस मधे असायची. पहिले तीन दिवस इंग्लंडचं नाव. शेवटचे तीन दिवस अमेरिकेचं नाव. चौथ्या दिवशी आमचा शेफ पाट्याच काढून ठेवायचा. ज्याला जे दिसेल ते त्यानं उचलायचं. त्या दिवशी तक्रार कधी आली नाही."

ते हसले. उंच माणसानं टाळी वाजवली. मग तासभर धनाजी त्यांच्यात बसला. बोटीचं नाव, शेफ, वादळात भट्टीतून घसरलेले पाव, नाताळचे चाळीस केक. ज्या गोष्टी एकोणीस वर्षांत पासलीत उघडल्या नव्हत्या त्या त्यानं एका तासात सांगितल्या, आणि त्यांनी मधेच नेमके प्रश्न विचारले. लोणी गार ठेवता का. पदर किती वेळा घालता.

निघायच्या वेळी पांढऱ्या वेणीची बाई त्याच्यापाशी आली. तिनं त्याचा हात हातात घेऊन आभार मानले आणि सहज विचारलं, "आणि ह्या सगळ्यातलं तुमच्या पत्नीला काय आवडतं?"

धनाजी म्हणाला, "लोण्याची बिस्किटं."

ती म्हणाली, मलाही. आणि ती गेली. केशवरावांनी चार वेळा पाठ थोपटली. उरलेलं डब्यात भरून दिलं आणि गाडीनं सोडतो म्हणाले, पण धनाजी चालत निघाला. दोन तासांची वाट होती, पण गुडघ्यांमुळं बसत बसत त्याला दुप्पट वेळ लागला. कापलेल्या भाताच्या खाचरांतून वारा येत होता. सकाळचा आनंद चालता चालता कमी होत गेला आणि त्या बाईचा प्रश्न राहिला. आपण खोटं बोललो, हे त्याला कळत होतं. तीन हजार माणसांतला कोण काय मागेल हे आपण गलक्यावरून ओळखत होतो. नूतनला काय आवडतं? आठवून बघितलं. तिच्या बाजूनं विचार करून बघितला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्याला काही सांगता येईना.

घरी पोचला तेव्हा तीन वाजले होते. नूतन बचत गटाच्या कामाला गेली होती. दाराला कडी होती. तो परसात गेला, डबा भट्टीवर ठेवला, आणि पाय धुवायला हौदाकडं वळला. गोठ्यात म्हैस गव्हाणीत तोंड घालून काहीतरी कडाकड चावत होती. पेंढा चावल्याचा तो आवाज नव्हता. त्यानं वाकून बघितलं. गव्हाणीत पेंढ्यावर कालची लोण्याची बिस्किटं होती. काट्याचे टोचे दिलेली, ओळीनं सारखी कापलेली.

ठकुबाई कुंपणापलीकडं कपडे वाळत घालत होती. तिनं त्याला बघितलं आणि तिचा हात थांबला.

"ठकुमावशी," धनाजी म्हणाला, "हे रोज चालतं का?"

ठकुबाई कुंपणाजवळ आली. "तिला काय बोलू नगंस," ती म्हणाली. "तिला शुगर हाय. चार सालं झाली. गोळ्या चालू हायेत येल्ह्याला. डाक्टरनं गोडाचं, मैद्याचं पार बंद सांगितलंय. थोडं मी घेते, कोंबड्यास्नी घालते. बाकीचं म्हशीला."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तू कुठं व्हतास सांगायला," ठकुबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. "औंदा आलास, तर रोज उठून भट्टी पेटवायलास. ती म्हनाली, मावशे, असू दे, त्यांच्या हाताला तेवढंच काम हाय."

नूतन दिवस कलायच्या सुमाराला आली. तो ओट्यावर बसला होता. डबा शेजारी होता, न उघडलेला. तिनं त्याच्याकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं, आणि काय झालंय ते तिला समजलं. ती आत गेली, पाणी पिऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावर टेकली.

"म्हशीनं काय केलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई." डबा बाजूला सारून तो म्हणाला, "शुगरचं सांगायचंस ना."

"फोनवर काय सांगायचं? तुमी तिकडं काळजी करत बसला असता. फोनबी दोन मिनिटं लागायचा आन् तुटायचा. सुट्टीला यायचासा ते दोन म्हयन्यांपुरतं, तवाबी ऱ्हाऊनच गेलं."

"आल्यावर तरी."

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "आल्यावर सांगनार व्हते. पन तुमी पयल्या दिवशी ताटली आनलीसा आन् असं बघत ऱ्हायलासा माझ्याकडं. म्हनलं, आज नगं, उद्या सांगू. मग रोजच तसं व्हत गेलं."

"एक तरी खाल्लंस का?"

"पयल्या दिवसाचं एक खाल्लं. चांगलं व्हतं. खोटं न्हाई बोलत."

रागवावं असं काही घडलं नव्हतं. उलट झालं होतं ते सगळं त्याला जपण्यासाठीच झालं होतं, आणि त्यामुळंच त्याला फार एकटं वाटलं. बोटीवर चार माणसांच्या खोलीत, खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या जागेत तो वर्षानुवर्षं झोपला होता. तिथं घराची आठवण यायची तेव्हा वाटायचं, घर आहे, फक्त लांब आहे. आता घर हाताच्या अंतरावर होतं.

नूतन उठली. "भाकरी टाकते," म्हणाली, आणि आत गेली.

त्यानंतर त्यानं भट्टी पेटवली नाही. चार दिवस गेले, आठ गेले. नूतननं एकदा विचारलं, "आज काय करत न्हाई का?" तो म्हणाला, "गुडघं दुखत्यात." तिनं तेल गरम करून वाटीत आणून दिलं आणि ती ठकुबाईकडं गेली. दिवस मोठा व्हायचा. तो थांब्यावर जाऊन बसायचा, दोन एसट्या यायच्या आणि जायच्या, माणसं उतरायची. केशवरावांचा फोन आला, की पाहुण्यांनी फार कौतुक केलं, दर रविवारी याल का. बघतो म्हणाला. त्या लोकांबरोबर काढलेला फोटोही केशवरावांनी मोबाईलवर पाठवला. बाकापाशी मधे धनाजी, आजूबाजूला सात जण. धनाजीनं तो फोटो पुष्कळदा बघितला. नूतनला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "तुमी हसताय ह्यात." आणि फोन जरा जवळ घेऊन तिनं पुन्हा बघितला.

महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी ती सकाळी लवकर आवरून बसली. चांगलं लुगडं, पिशवीत एक जुनं कार्ड. तिला वेल्ह्याला गोळ्या आणायला जायचं होतं. इतके महिने दुसऱ्या बुधवारी ती 'बाजारला जाते' म्हणून जायची आणि त्याला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

"मीबी येतो," धनाजी म्हणाला.

"कशाला? लई वेळ लागतो. बसून कटाळाल."

"येतो."

ती नको म्हणाली नाही.

ग्रामीण रुग्णालयात रांग होती. नूतनला तिथलं सगळं ठाऊक होतं: कुठल्या खिडकीला आधी जायचं, रक्त कुठं द्यायचं, कुठल्या बाकावर ऊन येत नाही. दोन-तीन बायका तिला ओळखीच्या भेटल्या. फुलाबाई नावाची एक हारपूडची म्हातारी तर तिला आपली जागा धरून ठेवायला सांगून गेली. धनाजी पिशवी घेऊन मागं मागं फिरत होता. तिच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला तेव्हा तिनं डोळेही मिटले नाहीत. त्यालाच दुसरीकडं बघावं लागलं.

सिस्टर तरुण होती. तिनं कार्ड उघडून आकडा लिहिला. "ह्या वेळी बरी आहे शुगर. चालणं चालू ठेवा." मग कार्डाचा वरचा भाग वाचत म्हणाली, "एकट्याच राहता ना तुम्ही? चक्कर वगैरे आली तर शेजारी कुणी आहे का?"

"न्हाई," नूतन म्हणाली. मग जरा थांबून, "म्हंजी, एकटी न्हाई. मालक असत्यात आता घरी." आणि तिनं मागं उभ्या असलेल्या धनाजीकडं बोट केलं.

सिस्टरनं पेननं काहीतरी खोडलं आणि वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. धनाजीला ते उलट्या बाजूनं वाचता आलं नाही. सिस्टर त्याच्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही लक्ष ठेवा मग. शुगर एकदम उतरून घाम सुटला, हात थरथरले तर लगेच चमचाभर साखर द्यायची." त्यानं मान हलवली. घाम, हात, साखर, असं त्यानं मनात दोनदा म्हटलं.

एसटीला तास होता. स्टँडच्या बाहेर टपरी होती, तिथं ते दोघं लाकडी बाकावर बसले. चहावाल्यानं विचारलं तेव्हा धनाजी तोंड उघडून थांबला, कारण ती चहा कसा घेते हे त्याला माहीत नव्हतं. घरात चहा तीच करायची आणि त्याच्या हातात द्यायची.

"एक बिनसाखरेचा," नूतन म्हणाली. "आलं घालून. ह्यास्नी साखरेचा."

चहा आला. ती बशीत ओतून फुंकून पिऊ लागली. समोरच्या दुकानात बरण्यांतून खारी, टोस्ट, नानकटाई मांडलेली होती. त्या बरण्यांकडं बघत धनाजी म्हणाला, "त्या दिवशी त्या गोऱ्या बाईनं मला इचारलं, तुमच्या बायकोला काय आवडतं."

"मग काय सांगितलंसा?"

"काय तरी सांगितलं. खरं न्हवतं." त्यानं कप खाली ठेवला. "तुला काय आवडतं गं?"

नूतननं त्याच्याकडं बघितलं. त्याला वाटलं ती हसेल, पण ती हसली नाही. ती विचारात पडली.

"खायला म्हनताय?"

"खायला. कशालाबी."

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "कुनी इचारलंच न्हाई. सासूबाई व्हत्या तवा त्यांच्या तोंडाचं करायचं. मग अश्वीच्या आवडीचं. तुमी आलासा की तुमच्या. तुमी गेलासा की एकटीपुरतं काय करायचं, म्हनून भाकरी आन् ठेचा. आवडायचं काय त्यात."

"पन कायतरी असंल की."

"असंल." तिनं बशीतला शेवटचा घोट घेतला आणि रिकामी बशी कपाखाली नीट ठेवली. "आता एकदम कसं सांगू? बघते आठवून."

एसटी आली. गर्दी होती, बाजारची माणसं, पोती, शाळेची पोरं. नूतनला पुढं बायकांच्या बाकावर जागा मिळाली. धनाजी मागं दांडीला धरून उभा राहिला. वळणं सुरू झाली. माणसांच्या खांद्यांमधून त्याला तिच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता, पदर आणि पांढरे होत चाललेले केस. शेजारच्या बाईशी ती काही बोलत नव्हती. काचेला डोकं टेकून बाहेर बघत होती. ती खरंच आठवत असेल का, का दमली असेल, हे त्याला तिथून कळेना.

पासलीच्या फाट्यावर ती पुढच्या दारानं आधी उतरली. मागून वाट काढत उतरायला धनाजीला वेळ लागला, गुडघा धरून तो एक एक पायरी उतरला. गाडी गेली, धुरळा खाली बसला. ती रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन थांबली होती. तो जवळ आलेला बघितल्यावर तिनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि पायवाटेनं घराकडं चालू लागली. दोन पावलं मागं राहून तोही निघाला.